गादी आणि वळकटी

सातारा हे गादीचे गाव. १७०८ साली शाहू महाराजांचा तिथे राज्याभिषेक झाला, तेव्हापासून ‘साताऱ्याची गादी’ हे शब्द मराठीत असे रुळले की ते उच्चारताना कापूस भरलेली खोळ कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. १८४८ साली डलहौसीने राज्य खालसा केले. राज्य गेले, गादी हा शब्द मात्र उरला. कृष्णेच्या खालच्या अंगाला सांगली-मिरजेच्या पटवर्धनांच्याही गाद्याच होत्या. दत्तक घ्यायचे ते गादीला वारस हवा म्हणून, भांडायचे तेही गादीवरून. अंथरुणातल्या एका वस्तूला हा मान मिळाला, कारण गादी हलत नाही. जो एका जागी बसून इतरांना समोर बोलावू शकतो त्याची गादी; ज्याला उठून रानात, यात्रेत, परमुलखात जावे लागते त्याची वळकटी. या दोन जिल्ह्यांतल्या झोपण्याच्या वस्तूंची ही दोन वेगळी घराणी आहेत, आणि तंबूत किंवा पाहुण्यांसाठी म्हणून आज जी हवेची गादी विकत घेतली जाते तिचा सारा घोटाळा या घराण्यांच्या सरमिसळीतून झाला आहे. नावाने ती गादी आहे. पण गुंडाळायची, पाठीवर टाकायची, रात्रीपुरती पसरायची आणि सकाळी आवरायची वस्तू ती आहे; म्हणजे कुळाने ती वळकटी आहे. गादी म्हणून तिची परीक्षा घेणारा फसतो. वळकटीच्या कसोट्या लावल्या तर ती कुठे उपयोगी आणि कुठे कुचकामी, हे विकत घेण्याआधीच कळते.

या कसोट्या कुठून आल्या ते पाहायला मुलूख समजून घ्यावा लागतो. सांगली जिल्हा म्हणजे जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग आणि त्यात विलीन झालेली संस्थाने. १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. या एकाच पट्ट्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि शंभरेक किलोमीटर पूर्वेला माण तालुक्यात त्याचा दहावा हिस्साही मुश्किलीने. अशा मुलखात माणसे एका जागी राहूच शकत नाहीत. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठे महांकाळ इथले मेंढपाळ पाऊस आणि चारा यांच्या मागे फिरत राहिले. फलटणकडचे कळप दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जात. कुणाच्या तरी मोकळ्या रानात मेंढरे बसवायची, शेताला लेंडीखत मिळायचे, मेंढक्याला बदल्यात धान्य आणि एका रात्रीची जागा. त्या जागेला वाडा म्हणतात. ज्वारी निसवली की राखणीला माणूस रानातच झोपणार. पालखी निघाली की अर्धे गाव वाटेवर. उसाचा हंगाम लागला की आता बीडकडच्या टोळ्या येऊन फडाच्या कडेला कोपी टाकून राहतात. घराबाहेर जमिनीवर रात्र काढणे हा इथे कधीच छंद नव्हता, तो कामाचा भाग होता. त्यामुळे जमिनीवर कसे झोपावे हे ज्ञान इथे पिढ्यान्‌पिढ्या घासूनपुसून तयार झाले. त्याला कुणी ज्ञान म्हटले नाही, एवढेच.

त्या ज्ञानाची सर्वांत पक्की वस्तू घोंगडी. १८८५ साली निघालेल्या सातारा जिल्ह्याच्या गॅझेटियरात घोंगड्या विणण्याच्या धंद्याची नोंद आहे, आणि हा धंदा सणगरांचा. लोकर दख्खनी मेंढीची: आखूड, राठ, बहुतेक काळी. ती कातरायची, निवडायची, पिंजायची आणि घरातल्या बायांनी तिचे सूत काढायचे. ताणा लावला की त्याला खळ द्यायची, तीही चिंचोक्यांची. चिंचोके भाजून, साल काढून, कुटून शिजवलेली ती चिकट लापशी कुंच्याने ताण्यावर ओढली की राठ, केसाळ धागा दबतो, गुळगुळीत होतो आणि मागावर तुटत नाही. माग जमिनीतल्या खड्ड्यातला. विणकराचे पाय खड्ड्यात, हात जमिनीच्या पातळीवर. नव्या घोंगडीला या खळीमुळे पुठ्ठ्यासारखी कडक घडी पडते आणि ती अंगाला टोचते. वापरून वापरून खळ निघते, लोकर एकमेकीत गुंतून दाट होते आणि दोन-चार पावसाळे पाहिलेली घोंगडी नव्या घोंगडीपेक्षा बरी वाटू लागते. नव्यापेक्षा जुनी सरस ठरावी अशा वस्तू फार नसतात. तिच्यात काठ सोडला तर नक्षी नाही. दोन-अडीच किलोचे ओझे, खांद्यावर टाकले की हात मोकळे. पाऊस आला की एक कोपरा आत दुमडून डोक्यावर घ्यायची, झाली खोळ. रात्री अर्धी खाली, अर्धी वर. गादीच्या घराण्यात अंथरूण आणि पांघरूण या दोन वस्तू आहेत. वळकटीच्या घराण्यात ती एकच वस्तू आहे, आणि तिचे काम मऊपणा देणे हे नव्हतेच.

हा मुद्दा नीट पाहायला हवा, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. उघड्यावर झोपलेल्या माणसाला थंडी वरून कमी आणि खालून जास्त लागते. वरची हवा वाऱ्याने हलली तरी तिच्यात उष्णता वाहून नेण्याची ताकद थोडी; जमीन मात्र रात्रभर अंगाची ऊब शोषत राहते, आणि ओली असेल तर दुपटीने. म्हणून अंथरुणाचे पहिले काम माणसाला जमिनीपासून तोडणे. ते काम लोकर करत नाही, लोकरीत अडकलेली हवा करते. लोकरीचा तंतू कुरळा असतो. हजारो कुरळ्या तंतूंच्या मधल्या फटींत हवा अडकून बसते आणि तिला हलता येत नाही. हलता न येणारी हवा ही उष्णतेच्या वाटेतली सर्वांत स्वस्त भिंत आहे. शिवाय लोकर आपल्या कोरड्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओल पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. हीच युक्ती वाकळीची. सातारा-सांगलीकडे गोधडीपेक्षा वाकळ हाच शब्द तोंडी आहे. जुनेरी लुगडी, धोतरे, फाटक्या कापडाचे तुकडे थरावर थर ठेवून बारीक धावदोऱ्याने शिवायचे. दोरा जवळजवळ घातला की थर सरकत नाहीत आणि प्रत्येक दोन थरांत हवेचा पातळ पापुद्रा अडकून राहतो. कोपीत उसाचे पाचट अंथरून त्यावर वाकळ टाकणारी ऊसतोडणी बाई हेच करत असते. पाचट मऊ नसते, त्याची पाती कापतात. पण त्यात हवा असते.

आता गादीचे घराणे. ती भरणारे पिंजारी, आपल्याकडे नदाफ. सांगली-मिरज भागात हे आडनाव आजही गल्लोगल्ली भेटते. धनुकलीची तात लाकडी मुठीने छेडली की तिच्या कंपनाने कापूस फुलतो. एके काळी उन्हाळ्याच्या सुट्टीत आळीतून तो ‘टंय टंय’ आवाज ऐकू यायचा. कापूस दबला की तीन-चार वर्षांनी गादी उसवून पुन्हा पिंजून घ्यायची. उशीला सावरीचा कापूस, तो आणखी हलका. भरण्याची ही कला इतकी ओळखीची की मराठीने ‘खोगीरभरती’ हा शब्द घोड्याच्या खोगिरात कोंबलेल्या भरावावरून उचलला. पुढे मॅटवरच्या कुस्तीलाही आपण गादीवरची कुस्तीच म्हणालो. महाराष्ट्र केसरीला माती विभाग आणि गादी विभाग असे दोन विभाग असतात. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीत वाढले आणि १९५२ साली हेलसिंकीत मॅटवर कांस्यपदक घेऊन आले, हे इथल्या माणसाला सांगावे लागत नाही. पण कापसाच्या गादीचा दोष तिच्या स्थिरपणातच आहे. एका माणसाची बरी गादी आठ-दहा किलोची. ती कुणी खांद्यावर टाकत नाही. आणि तिला पाणी चालत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून सत्तावन्न फूट गाठले. पाणी ओसरल्यावर गावभागातून, पेठांतून, नदीकाठच्या खेड्यांतून रस्त्याच्या दोन्ही कडांना ढीग लागले त्यांत सर्वांत जास्त जागा गाद्यांनी अडवली होती. भिजलेली गादी दोघांना उचलत नाही. ती वाळवायला ऊन हवे, ते पावसाळ्यात मिळत नाही. आतून कुजते, वास सुटतो, शेवटी कचऱ्याच्या गाडीत. घोंगडीही वाळायला वेळ लावते, ‘भिजत घोंगडे’ हा वाक्प्रचार उगीच पडला नाही. पण ती वाळते.

तिसरी वस्तू परदेशातून आली आणि तिच्या येण्याचा काळ मजेशीर आहे. १८२३ साली स्कॉटलंडच्या मॅकिंटॉशने रबर लावलेल्या जलरोधक कापडाचे पेटंट घेतले. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला गंधकासह रबर तापवून ते टिकाऊ करण्याची रीत सापडली. हवा कोंडून ठेवणारी पिशवी त्यामुळे शक्य झाली. नेमक्या याच सुमारास, १८२८-२९ मध्ये, मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम आणि साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांच्या काळात महाबळेश्वरला माल्कमपेठ वसत होती. तिथे येणाऱ्या साहेबांच्या सरंजामात तंबू आणि घडीच्या खाटा असत. त्यांचा उपाय जमिनीपासून तुटण्याचा नव्हता, जमिनीपासून वर उचलले जाण्याचा होता. आणि तो इतरांच्या डोक्यावरून घाट चढणारा उपाय होता. हवेची गादी या मुलखातल्या सामान्य घरात आली ती बरीच नंतर, आणि हौसेच्या वाटेने नव्हे. १८९४ साली डॉ. वानलेस यांनी मिरजेत मिशन रुग्णालय उभे केले आणि पुढे हे गाव दवाखान्यांचे गाव झाले. पक्षाघाताने किंवा मोडलेल्या खुब्याने अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाठीवर शय्याव्रण होऊ नयेत म्हणून जो फुगवायचा ‘एअर बेड’ आणतात, तीच पुष्कळ घरांत पहिली हवेची गादी असते. तिच्या उभ्या-आडव्या कप्प्यांत यंत्र आलटून पालटून हवा भरते, म्हणजे शरीराचा भार एका जागी टेकून राहत नाही. इथे हवेचे काम मऊपणाचेही नाही आणि उबेचेही नाही. भार वाटून देण्याचे आहे, आणि ते काम ती उत्तम करते. या ओळखीमुळेच हवेची गादी म्हणजे पाठीला आराम असे समीकरण रुजले असावे. मग तापोळा-बामणोलीला शिवसागराच्या काठी, वाईजवळ धोमच्या पाण्याकाठी, पाचगणीच्या आसपास तंबूंच्या जागा निघाल्या. कास पठार २०१२ साली पश्चिम घाटासोबत जागतिक वारसा यादीत गेले आणि शहरातली गर्दी या बाजूला आणखी वळली. माणसे दवाखान्यातले समीकरण घेऊनच तंबूत शिरली.

आणि पहाटे तीनला कुडकुडत उठली. वेण्णा तलावाकाठी डिसेंबर-जानेवारीत दव गोठून पांढरे होते, हे दर वर्षी वर्तमानपत्रात छायाचित्रासह येते. तिथे आठ इंच जाडीची हवेची गादी घालून झोपलेल्याला थंडी का वाजावी? उत्तर घोंगडीपाशी आहे. दोघींतही हवाच आहे. घोंगडीतली हवा लाखो फटींत अडकलेली, हलू न शकणारी. गादीतली हवा चार-सहा मोठ्या नळ्यांत मोकळी. अंगाने तापलेली वरची हवा आणि जमिनीने गारठलेली खालची हवा यांच्यामध्ये अडसर काहीच नाही. माणूस कूस बदलतो, ती ढवळली जाते, आणि अंगाची ऊब जमिनीत जाते. गादी जितकी जाड तितकी ही ढवळाढवळ सोपी. त्यातून संध्याकाळी तीस अंशांना फुगवलेली गादी पहाटे दहा अंशांवर आली की आतली हवा सहा-सात टक्के आकसते. गादीतला दाब बाहेरच्या हवेहून किंचितच जास्त असतो, त्यामुळे एवढ्यानेही ती सैल पडते आणि माणूस उगीच भोक शोधत बसतो. नव्या गादीचे प्लॅस्टिक पहिल्या दोन-तीन फुगवण्यांत ताणलेही जाते, तेव्हाही तीच शंका. खरे भोक शोधायचे तर साबणाचे पाणी फिरवून बुडबुडे पाहावेत. माण-खटावात ते सापडण्याची शक्यता मोठी, कारण तिथे बाभळीचा काटा आणि कुसळ दोन्ही आहेत. बाभळीच्या काट्याने घोंगडीचे काहीच बिघडत नाही. हवेच्या गादीचे मात्र एका काट्यात सगळे संपते.

इथे एक जोरदार आक्षेप येईल आणि तो यायलाच हवा. घोंगडीवर झोपणाऱ्यांनी ती निवडली नव्हती. ज्याच्याकडे कापूस भरायला पैसे नव्हते, ज्याला स्वतःचे छप्परही नव्हते, तो घोंगडीवर झोपला. ज्याला परवडले तो पहिल्या संधीला गादीवर गेला. मग त्या दारिद्र्यातून आज शहाणपण काढून दाखवणे म्हणजे पोट भरल्यावर उपासाचे गुण गाणे नाही काय? आक्षेपातला पहिला भाग मान्यच आहे. राठ जमिनीवर आयुष्य काढलेल्या माणसांच्या पाठी आणि गुडघे काय सांगतात ते घोंगडीच्या आठवणीत रमणारे विचारत नाहीत. म्हाताऱ्या माणसाला जमिनीवरून उठणेच जिकिरीचे, त्याला उंच, घट्ट फुगवलेली हवेची गादी हे खरे सुख आहे. पण घोंगडी म्हणजे केवळ लाचारीचे अंथरूण हेही खरे नाही. कवठे महांकाळ तालुक्यातल्या आरेवाडीच्या बनात बिरोबापुढे घोंगडी अंथरली जाते तेव्हा ती देवाची बैठक असते. घरी आलेल्याला ओट्यावर घोंगडे टाकून बसवणे हा गावाकडे मान आहे, आणि तो मान मिळतो तेव्हा टाकणाऱ्याच्या घरात गादी असतेही. आणि मुख्य म्हणजे, गरजेपोटी शोधलेली गोष्ट चुकीची असते असे नाही. उलट चुकले तर मरायची वेळ येते म्हणून ती जास्त पारखलेली असते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. घरे पडली, उभी होती त्यांतही कुणी जाईना, आणि पाटण-कोयनेकडची कुटुंबे ऐन थंडीत उघड्यावर राहिली. अशा रात्री मऊपणाचा प्रश्न नसतो. खालून गार लागते की नाही एवढाच असतो, आणि त्या प्रश्नाचे उत्तर घरात काय अंथरूण आहे त्यावर ठरते.

दुसरा आक्षेप बाजाराचा: एवढी सरस वस्तू मग मागे का पडली? लोकांनी ती नाकारली असेल तर इतिहासाने निकाल दिलाच आहे. पण निकाल अंथरुणाच्या गुणावर लागलाच नाही, तो मेंढीच्या मांसावर लागला. दख्खनी मेंढीची राठ लोकर गालिच्याच्या किंवा गिरणीच्या कामाची नाही, तिला घोंगडी आणि जाड कांबळी एवढेच गिऱ्हाईक. पंजाबातली गिरणीची ब्लँकेटे आणि पुढे कृत्रिम धाग्याची रग स्वस्तात आली, तसे ते गिऱ्हाईकही आटले. मांसाचा भाव मात्र चढत गेला. जत तालुक्यातली माडग्याळ मेंढी पाहा: उंच, देखणी, बाकदार नाकाची, झपाट्याने वजन धरणारी, आणि अंगावर लोकर जवळजवळ नाहीच. तिच्या नराच्या किमती ऐकून शहरातला माणूस चकित होतो. मेंढपाळाने हिशेब करून हीच जात वाढवली आणि त्याला दोष देता येणार नाही. कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या दामापेक्षा जास्त होऊ लागली की लोकर कातरून बांधावर टाकली जाते. मेंढी व शेळी विकास महामंडळाची प्रक्षेत्रे सातारा जिल्ह्यात दहिवडीला आणि सांगली जिल्ह्यात रांजणीला आहेत. तिथून मेंढपाळाला हवी असते ती पैदास, लोकर नव्हे. सणगरांच्या पुढच्या पिढीने मागाचा खड्डा बुजवला तो याच हिशेबाने. वस्तू हरली नाही, तिचा कच्चा माल हरला. याला इतिहासाचा निकाल म्हणणे म्हणजे विहीर आटली म्हणून तहान संपली असे म्हणणे.

वळकटी मात्र कुठे गेलेली नाही, आणि ती पाहायची तर आषाढात लोणंदला जावे. ज्ञानेश्वरांच्या पालखीला आजचे शिस्तीचे रूप दिले ते सातारा जिल्ह्यातल्या आरफळच्या हैबतबाबांनी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. पालखी नीरा ओलांडून साताऱ्यात शिरते आणि लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करत सोलापूर जिल्ह्यात जाते. तळावर राहुट्या, दिंड्यांचे ट्रक आणि प्रत्येक ट्रकवर सुतळीने करकचून बांधलेल्या वळकट्यांचे डोंगर. जमीन ओली, वरून सरी, आणि माणसे लाखांत. एक वळकटी उघडली की बाहेर काय काय पडते ते बघण्यासारखे असते: सर्वांत वर प्लॅस्टिकचा कागद, तो आधी खाली जातो, मग पातळ सतरंजी किंवा खताच्या रिकाम्या पोत्यांची शिवलेली पट्टी, मग वाकळ किंवा रग, आणि आत गुंडाळलेला कपड्यांचा जोड, जो उशी होतो. प्लॅस्टिकचा कागद हा या वळकटीतला नवा पाहुणा, तो बिनतक्रार आत घेतला गेला, कारण ओल अडवण्याचे काम तो घोंगडीपेक्षा चांगले करतो. ऊब अडवण्याचे काम मात्र त्याला कुणी दिलेले नाही. जुने टाकून नवे घ्यायचे किंवा नव्याला हाकलून जुने धरायचे, असा प्रश्न तळावर पडतच नाही. कुणाला कुठले काम द्यायचे, एवढेच बघितले जाते.

हवेच्या गादीलाही हाच न्याय लावला तर दुकानातला गोंधळ बराच निवळतो. घरी लग्नसराईत किंवा दिवाळीत चार पाहुण्यांची सोय एवढेच काम असेल, तर जाड, उंच, वरून मखमली लव असलेली गादी घ्यावी. फरशीचा गारवा सातारा-सांगलीत कडाक्याच्या चार रात्री सोडल्या तर एका चादरीत भागतो. दोघांची सलग पोकळ गादी घेण्यापेक्षा एकेकट्याच्या दोन घ्याव्यात. सलग गादीवर जड माणूस वळला की हलका उसळतो. तोंडाने फुगवू नये, श्वासातली ओल आत राहून बुरशी धरते, आणि दमही जातो. सायकलचा पंप कामाचा नाही, तो थोडी हवा मोठ्या दाबाने भरणारा, इथे थोड्या दाबाची पुष्कळ हवा हवी, म्हणजे पायाचा भाता किंवा विजेचा फुगवणी पंप. तंबूसाठी मात्र जाडीकडे बघूच नये. आत स्पंज किंवा तंतूंचा थर असलेली पातळ गादी घ्यावी, तिच्यात हवा अडकून राहते. विकणारे तिच्यावर आर-व्हॅल्यू नावाचा आकडा छापतात, तो जितका मोठा तितकी ऊब टिकणारी. पोकळ गादीचा आकडा एकच्या आसपास घोटाळतो. वेण्णा तलावाकाठच्या किंवा बामणोलीच्या जानेवारीतल्या रात्रीला तीन-चारचा हवा. आणि घरात जुनी घोंगडी असेल तर पोकळ गादीवरही भागते, फक्त क्रम चुकवू नये. खाली तरट किंवा जाड ताडपत्री, काट्याकुसळासाठी. त्यावर गादी, संध्याकाळी पूर्ण ताठ न फुगवता, झोपण्याआधी गारवा पडल्यावर पुन्हा दोन भाते मारून. घोंगडी गादीच्या वर, अंगाखाली. गादीच्या खाली घातली तर तिचा उपयोग फक्त भोके टाळण्यापुरता उरतो, ऊब तर वरच्या नळ्यांतच निघून जाते. नवी घोंगडी असेल तर आठवडाभर आधी उन्हात टाकून झटकून घ्यावी. चिंचोक्याच्या खळीचा वास बंद तंबूत रात्रभर सोबत करतो.